अनमोडचा दगड थंड कधी झाला?

गोव्यातल्या दगडाचं वय विचारलं की उत्तर लगेच मिळतं. कर्नाटकाच्या सीमेवरच्या अनमोड घाटातला नाइस हा पट्टेदार रूपांतरित खडक तीनशे कोटी वर्षांहून जुना, पारोड्याच्या चंद्रनाथ डोंगराचा ग्रॅनाइट अडीचशे कोटींच्या पलीकडचा, सत्तरीच्या ईशान्य कडेवर चढून बसलेला दख्खनचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटींचा. आकडे बरोबर आहेत, पण सह्याद्रीबद्दल त्यांतून फारसं काही हाती लागत नाही. अनमोडचा तो दगड एके काळी जमिनीत कित्येक किलोमीटर खोल होता. आज तो घाटाच्या वळणावर उन्हात उघडा पडलाय. तो वर केव्हा आला, सावकाश आला की झपाट्याने, त्याच्या डोक्यावर किती खडक होता आणि तो कुठे गेला, हे जन्मतारखेवरून कळत नाही. त्यासाठी दगड थंड कधी झाला ते विचारावं लागतं.

पीएचडीसाठी मी हाच प्रश्न घेतला. काणकोणच्या किनाऱ्यापासून अनमोडच्या माथ्यापर्यंतचे दगड गोळा केले, त्यांतलं अ‍ॅपेटाइट हे खनिज वेगळं काढलं आणि त्यात उमटलेल्या विखंडनाच्या रेघा सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या. शोधनिबंधात या सगळ्यासाठी ‘नमुने नेहमीच्या पद्धतीने तयार केले’ एवढं एकच वाक्य असतं. त्या वाक्याच्या आत काय काय असतं ते मराठीत कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आधी तत्त्व सांगते. जमिनीत खोल जावं तसं तापमान वाढतं. खनिजांमध्ये युरेनियम, थोरियम, पोटॅशियम अशी किरणोत्सर्गी मूलद्रव्यं कमी-अधिक असतात आणि त्यांचा क्षय ठरलेल्या गतीने चालूच असतो. पण क्षयातून जे निर्माण होतं, मग तो आरगॉन वायू असो, हेलियम असो किंवा स्फटिकाला झालेली इजा, ते खनिज पुरेसं गरम असेपर्यंत टिकत नाही. वायू निसटून जातो, इजा भरून येते. दगड वर सरकत ठरावीक तापमानाच्या खाली आला की मग ते साठायला लागतं. म्हणजे आपण जे वय मोजतो ते खनिज तयार झाल्याचं नसतं, त्या तापमानाची वेस ओलांडल्याचं असतं. १९६० च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे एमिली येगर यांनी आल्प्समधल्या अभ्रकांची वयं याच नजरेने वाचली. पुढे १९७३ मध्ये मार्टिन डॉडसन यांनी त्या तापमानाचं गणित मांडलं. दगड किती वेगाने थंड होतोय आणि कण केवढा आहे यावर ते थोडं वर-खाली होतं, हेही त्यात आलं.

प्रत्येक खनिजाची वेस वेगळी असते, हा या विद्येचा खरा जोर. झिरकॉनमधलं शिसं ९०० अंश सेल्सिअसलाही हलत नाही, म्हणून ते दगडाचा जन्म सांगतं. हॉर्नब्लेंडमधला आरगॉन ५०० अंशांच्या आसपास अडकतो, बायोटाइट या काळ्या अभ्रकातला ३०० च्या आसपास. झिरकॉनमधल्या विखंडनाच्या रेघा साधारण २४० अंशांखाली टिकतात, अ‍ॅपेटाइटमधल्या ११० अंशांखाली, आणि अ‍ॅपेटाइटमधला हेलियम तर ७० अंशांच्या आसपास येईपर्यंत थांबतच नाही. एकाच दगडातून यांतली चार-पाच वयं काढली की तो किती तापमानावर केव्हा होता याची रेषा काढता येते. म्हणून ‘हा दगड किती जुना?’ या प्रश्नावर आता मी उलट विचारते, ‘किती अंशांना?’

मला डोंगर झिजण्याची गोष्ट हवी होती, म्हणजे वरच्या तीन-चार किलोमीटरांची. त्यासाठी अ‍ॅपेटाइटच्या रेघा सगळ्यांत सोयीच्या. युरेनियम-२३८ चा अणू बहुतेक वेळा अल्फा कण टाकून क्षय पावतो. सुमारे वीस लाख वेळा असं घडतं तेव्हा एखादा अणू आपोआप दुभंगतो. त्याचे दोन जड तुकडे विरुद्ध दिशांना सुटतात आणि स्फटिकाची रचना उसकटत जातात. अ‍ॅपेटाइटमध्ये ही उसकटलेली रेघ नवी असताना सुमारे १६ मायक्रॉन लांब असते, म्हणजे मिलिमीटरचा साठावा भाग. रॉबर्ट फ्लायशर, बफर्ड प्राइस आणि रॉबर्ट वॉकर या तिघांनी १९६० च्या दशकात दाखवून दिलं की या रेघा आम्लाने उघडता येतात, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात आणि त्यांवरून वयही काढता येतं. १२० अंशांच्या वर रेघ भूवैज्ञानिक काळात पुसून जाते. साधारण ६० ते १२० अंशांच्या पट्ट्यात ती आखूड होत जाते. त्याहून थंड झाल्यावर बहुतांशी तशीच राहते.

आता काम. गोव्यात ताजा दगड मिळणं हीच पहिली अडचण. आपल्याकडे पठारभर जांभा पसरलेला आहे, आणि जांभा म्हणजे मूळ दगडातलं बहुतेक सगळं वाहून गेल्यावर उरलेलं लोह आणि अ‍ॅल्युमिनियम. त्यात अ‍ॅपेटाइट शोधण्यात अर्थ नाही. खाणपट्टाही माझ्या उपयोगाचा नव्हता, कारण लोहखनिजाचे पट्टे आणि त्यांच्याबरोबरचे फिलाइटसारखे पापुद्रेदार खडक यांत हवे तसे कण मिळत नाहीत. बेसॉल्टमध्ये अ‍ॅपेटाइट असलं तरी इतकं बारीक की मोजायला निरुपयोगी. उरतात ग्रॅनाइट आणि नाइस, तेही जिथे रस्त्याचं खोदकाम, काळ्या दगडाची क्वारी किंवा नदीचं पात्र यांनी आतला दगड उघडा केलाय तिथे. पाळोळे आणि त्याच्या दक्षिणेचे किनारे या बाबतीत उदार आहेत, समुद्राने धुतलेला ग्रॅनाइट हाताशी असतो. मोल्यापासून पुढे अभयारण्य लागतं, तिथे वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय खडा उचलायचा नाही. परवानगी हातात आली तेव्हा पाऊस संपून घाटातल्या दरडी नुकत्याच साफ केल्या होत्या आणि रस्त्याकडेला दगडाची ताजी कापलेली तोंडं दिसत होती. याहून चांगली वेळ नाही.

घणाने फोडायचं, वरची दोन-तीन बोटांची साल टाकून द्यायची आणि आतला निळसर करडा, खणखणीत वाजणारा दगड चार-पाच किलो घ्यायचा. साल टाकायची ती फक्त ती कुजलेली असते म्हणून नव्हे. वणव्याची धग पृष्ठभागाजवळच्या रेघा पुसू शकते, विजेचंही तेच. डाइकपासूनही लांब राहायचं. नाइसमध्ये घुसलेली बेसॉल्टची भिंत शेजारचा दगड भाजून काढते, मग आपण डोंगराचं नव्हे तर त्या भिंतीचं वय मोजून बसतो. प्रत्येक नमुन्याची समुद्रसपाटीपासूनची उंची टिपायची, कारण पुढे अर्धा अर्थ त्या आकड्यावर उभा असतो.

दगड फोडायचं यंत्र म्हणजे जॉ क्रशर, आणि त्याच्या बाबतीत माझे खरे गुरू बाबा. डिचोलीतल्या एका खाणीच्या क्रशिंग प्लांटवर त्यांनी उमर घालवली. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हापासून ते घरी असतात. मी एकदा जेवताना सांगत होते की एका दगडाचा चिमूटभर चुरा यंत्रात राहिला आणि दुसऱ्यात मिसळला तर सगळं वाया. ते म्हणाले, “बाय, ब्रशने घासून ते कधीच जात नाही. जबड्याच्या फटीत बसतं. तू दुसऱ्या दगडाचे चार तुकडे आधी दळ आणि टाकून दे. मग त्याचाच खरा दळ.” प्रयोगशाळांच्या नियमावलीतही नेमकं हेच लिहिलेलं असतं, पण तिथे कारण दिलेलं नसतं. बाबांनी मला जबड्याच्या पाट्या उघडून ती फट दाखवायला लावली आणि कुठून हवा मारायची ते फोटोवर बोट ठेवून सांगितलं. नमुन्यांची अदलाबदल होणं हा या विद्येतला सगळ्यांत मोठा धोका आहे आणि तो सूक्ष्मदर्शकाशी नाही, झाडूशी सुरू होतो.

भुकटी चाळायची. २५० मायक्रॉनहून बारीक आणि ७५ हून जाड एवढीच ठेवायची. मग पाण्यात पसरट ताटलीत घोळवायची. आजी सुपात तांदूळ पाखडायची तेव्हा मनगटाला जी हलकी उसळी द्यायची, तीच इथे द्यावी लागते. हलकं क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार कडेने वाहून जातं, जड दाणे मधे बसतात. वाळवताना ओव्हन ५० अंशांच्या पुढे न्यायचा नाही. ज्या रेघा उष्णतेने पुसतात त्याच मोजायच्या असतील तर त्यांना भट्टीत घालून कसं चालेल?

त्यानंतर जड द्रव. क्वार्ट्झची घनता २.६५, अ‍ॅपेटाइटची सुमारे ३.२, झिरकॉनची ४.६ च्या पुढे. मधल्या घनतेचा द्रव घेतला की एक तरंगतं, दुसरं बुडतं. पूर्वी यासाठी ब्रोमोफॉर्म वापरत, त्याची घनता २.८९. ते विषारी आहे. आता सोडियम पॉलिटंगस्टेटचं पाण्यातलं द्रावण वापरतात, ते महाग पण माणसाला सोसणारं. बुडालेला भाग चुंबकी विलगकातून काढला की बायोटाइट, हॉर्नब्लेंड, गार्नेट बाजूला होतात. उरलेल्यातून झिरकॉन आणि अ‍ॅपेटाइट वेगळे करायला ३.३ घनतेचं मिथिलीन आयोडाइड. नरसाळ्याच्या तळाशी झिरकॉनची पांढरट रेष बसते आणि अ‍ॅपेटाइट वर तरंगतं. पाच किलो दगडातून शेवटी काचेच्या कुपीत जे उतरतं ते चहाच्या चमच्याच्या टोकावर मावेल एवढं. काणकोणच्या ग्रॅनाइटमधून ते भरपूर निघालं. घाटातल्या काही नाइसमधून जवळजवळ काहीच नाही, आणि तिथे परत जाऊन वेगळ्या थरातला दगड आणण्यावाचून मार्ग नव्हता.

दाणे इपॉक्सीत बसवायचे, घासून त्यांचं पोट उघडं करायचं आणि हिऱ्याच्या पेस्टवर आरशाची चकाकी येईपर्यंत पॉलिश करायचं. मग आम्ल. ५.५ मोलर नायट्रिक अ‍ॅसिड, तापमान २१ अंश, वेळ २० सेकंद. एवढंच, पण यांतला कुठलाही आकडा सैल सोडता येत नाही. गोव्यात मे महिन्यात खोलीचं तापमान ३३ असतं, म्हणून बीकर थंड पाण्याच्या टबात ठेवायचा, थर्मामीटर आम्लात उभा, डाव्या हाताशी पाण्याचा मोठा बीकर. चिमट्याने काच आत सोडली की स्टॉपवॉच सुरू. अठरा, एकोणीस, वीस, बाहेर, थेट पाण्यात. २५ सेकंद झाले तर रेघा जाड होऊन एकमेकींत मिसळतात, १५ झाले तर अर्ध्या उघडतच नाहीत.

ती काच पहिल्यांदा हजार पट मोठी करून पाहिली ते दृश्य मला जसंच्या तसं आठवतं. स्वच्छ, पाणीदार पृष्ठभागावर बारीक काळ्या रेघा, कशाही पडलेल्या, काही टोकदार, काही आत उतरत धूसर होणाऱ्या. त्यांतली प्रत्येक म्हणजे एका अणूचं दुभंगणं. त्यांतल्या कित्येक त्या वेळी उमटल्या जेव्हा भारत अजून गोंडवन या दक्षिणेकडच्या प्राचीन महाखंडाचा भाग होता.

रेघांची संख्या कळली तरी वय कळत नाही. दाण्यात युरेनियम किती हेही लागतं, आणि ते दाण्यागणिक बदलतं. आता लेसरने दाण्याचा सूक्ष्म भाग उडवून ते थेट मोजता येतं. आम्ही जुनी पद्धत वापरली, कारण ती जिथे शिकायला मिळाली तिथे तीच चालते, आणि माझ्या मते शिकणाऱ्याने तीच आधी शिकावी. प्रत्येक नमुन्यावर युरेनियम जवळजवळ नसलेल्या अभ्रकाचा पातळ तुकडा घट्ट बांधायचा आणि पुडकं अणुभट्टीत पाठवायचं. न्यूट्रॉनच्या माऱ्याने दाण्यातलं युरेनियम-२३५ दुभंगतं आणि त्याच्या रेघा अभ्रकावर छापल्या जातात. दाण्यात पूर्वीच्या रेघा, अभ्रकावर आत्ताच्या. दोघांचं गुणोत्तर म्हणजे वयाकडे जाणारा रस्ता. पुडकं परत येतं ते किरणोत्सर्ग ओसरेपर्यंत शिशाच्या पेटीत राहतं. मग अभ्रक हायड्रोफ्लुओरिक आम्लात बुडवायचं. या आम्लाची मला आजही भीती वाटते आणि ती वाटायलाच हवी. कातडीवर पडलं तर लगेच फार दुखतही नाही, आणि आत जाऊन हाडापर्यंत पोचतं. शेजारी कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल उघडून ठेवल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही.

मोजणीचं मी जास्त लिहिणार आहे, कारण या पद्धतीतली मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट तिथे आहे. सूक्ष्मदर्शकात एक चौकटीची जाळी असते. दाण्याचा एक भाग जाळीत घ्यायचा, रेघा मोजायच्या, मग अभ्रकावरची नेमकी आरशातली जागा शोधून तिथल्या मोजायच्या. नमुन्यागणिक वीसेक दाणे. पण रेघ कशाला म्हणायचं? पृष्ठभागाला टेकलेला एक बिंदू रेघ आहे की पॉलिशचा खड्डा? चौकटीच्या सीमेवर अर्धी आलेली मोजायची की सोडायची? दोन अनुभवी माणसं एकाच दाण्यात वेगळे आकडे मोजतात, आणि दोघंही आपापल्या परीने सुसंगत असतात. अँथनी हरफर्ड आणि पॉल ग्रीन यांनी १९८३ मध्ये यावर तोडगा मांडला. ज्याचं वय दुसऱ्या पद्धतींनी पक्कं ठाऊक आहे असं अ‍ॅपेटाइट मोजणाऱ्याला द्यायचं. मेक्सिकोतल्या दुरांगोचं, ३ कोटी १४ लाख वर्षांचं. अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या फिश कॅनियन टफ या ज्वालामुखी राखेच्या खडकामधलं, सुमारे २ कोटी ८० लाखांचं. ते पुन्हा पुन्हा मोजून जो गुणक निघतो त्याला झीटा म्हणतात. तो त्या माणसाचा, त्या सूक्ष्मदर्शकाचा, त्या अभ्रकाचा. माझा झीटा माझा आहे, दुसऱ्या कुणाला तो चालत नाही.

उत्तरेतल्या ज्या प्रयोगशाळेत मी हे शिकले तिथे गढवालच्या एक दीदी होत्या. त्यांनी मला दुरांगोवर बसवलं आणि माझी मोजणी स्थिर होईपर्यंत गोव्याच्या एकाही नमुन्याला हात लावू दिला नाही. सुरुवातीला सकाळचा आणि संध्याकाळचा माझा आकडा जुळत नसे, सकाळी मी संशयी रेघा सोडत असे आणि संध्याकाळी धरत असे. दीदी म्हणायच्या, “बरोबर मोजायचं नाही, कायम एकसारखं मोजायचं. बरोबर काय ते झीटा बघून घेईल.” आकडे एका जागी थांबले तेव्हा मला जो आनंद झाला तो कुठल्याही परीक्षेच्या निकालाने झालेला नाही. एखाद्या शास्त्राने माणसाचा डोळा सूत्राबाहेर न काढता सूत्रात घ्यावा, नाव देऊन, त्रुटीसकट घ्यावा, हे मला फार सच्चं वाटतं.

वय निघालं तरी काम निम्मंच झालेलं असतं, किंबहुना नुसत्या वयाने दिशाभूल होते. दगड ११० अंशांखालून झपकन निघून आला असेल तर वय त्या घटनेचं. पण तो ६० ते १२० च्या पट्ट्यात कोट्यवधी वर्षं रेंगाळला असेल तर रेघा निर्माणही होत राहतात आणि आखूडही, आणि जे वय येतं ते कुठल्याच घटनेचं नसतं. हे दोन्ही वेगळं ओळखायचं ते रेघांच्या लांबीवरून. त्यासाठी पृष्ठभागाखाली पूर्ण बंदिस्त, आडव्या पडलेल्या रेघा शोधाव्या लागतात. दुसऱ्या रेघेतून किंवा भेगेतून आम्ल त्यांच्यापर्यंत पोचलेलं असतं. अशा शंभरेक मिळाल्या तर चांगलं. दाण्यावर दाणे पालथे घालून एखादी सापडते. सगळ्या लांबड्या, १४-१५ मायक्रॉनच्या असल्या तर दगड पटकन थंड होऊन थंडच राहिला. आखूड-लांब मिसळ असली तर तो मधल्या उबेत बराच काळ होता. शिवाय अ‍ॅपेटाइटमध्ये क्लोरीन जास्त असेल तर रेघा जास्त उष्णता सोसतात, म्हणून आम्लाने पडलेल्या खड्ड्यांचा व्यासही मोजून ठेवायचा.

हे सगळं संगणकाला दिलं की तो हजारो काल्पनिक इतिहास तयार करतो, प्रत्येकातून कोणती वयं आणि लांब्या निघाल्या असत्या ते काढतो आणि माझ्या मोजणीशी जुळणारे तेवढे ठेवतो. पडद्यावर एक रेषा येत नाही, एक पट्टा येतो, कुठे अरुंद, कुठे फुगलेला. फुगलेल्या जागी ‘इथलं माहीत नाही’ असं तो सांगत असतो. त्या पट्ट्याच्या मधोमध एक ठळक रेघ ओढून ‘हा इतिहास’ म्हणून छापायची सवय बरीच आहे. मला ती पटत नाही.

आता तापमानाचं खोलीत रूपांतर. गोव्याच्या जमिनीवर सरासरी २७ अंश धरू. दर किलोमीटरला २५ अंश वाढत असतील तर ११० अंश सुमारे ३.३ किलोमीटर खोल. पण धारवाडसारख्या जुन्या, थंड भूखंडात वाढ किलोमीटरला १५ अंशही असू शकते, मग तीच खोली साडेपाच किलोमीटर होते. रेघा कितीही काळजीपूर्वक मोजल्या तरी एवढी मोठी फट या एका गृहीतकात बसलेली असते. कुणी ‘इतके किलोमीटर झीज’ असं लिहिलं की मी आधी ते कुठला दर धरतात ते पाहते.

आणखी एक गैरसमज मला व्याख्यानांत सतत भेटतो. दगड थंड झाला म्हणजे डोंगर उंच झाला, असं लोक धरून चालतात. रेघांना समुद्रसपाटी ठाऊक नसते. त्यांना एवढंच कळतं की डोक्यावरचा खडक गेला. डोंगर वर येतोय आणि वरून तेवढाच झिजतोय तर उंची तीच राहील, पण दगड मात्र खालून वर येत राहील. फिलिप इंग्लंड आणि पीटर मोल्नार यांनी १९९० मध्ये हा भेद स्पष्ट मांडला होता. हिमालयाच्या पश्चिम टोकाला नंगा पर्वताच्या परिसरात अ‍ॅपेटाइटची वयं दहा लाख वर्षांहूनही कमी येतात. तिथे वर्षाला काही मिलिमीटर खडक खरवडला जातोय आणि खालचा दगड अजून गरम असतानाच उघड्यावर येतोय. अलास्कातल्या देनालीवर पायथ्यापासून वर चढत नमुने घेतले तेव्हा वय आणि उंची यांच्या आलेखात सुमारे ६० लाख वर्षांपाशी एक कोन दिसला. त्याच सुमाराला झीज एकाएकी वाढली.

सह्याद्री या जातीचा डोंगर नाही. तो दोन भूखंडांच्या टकरीतून उभा राहिलेला नाही, भूखंड फाटल्यावर उरलेली ती कड आहे. साधारण ९ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर वेगळं झालं, साडेसहा कोटींच्या आगेमागे सेशेल्स. यानी गनेल, केरी गॅलागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम किनारपट्टीवरच्या अ‍ॅपेटाइटचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला, माझं काम त्याच्याच खांद्यावर उभं आहे. मुख्य वाद असा: घाटाचा कडा समुद्राजवळ तयार होऊन तसाच उभा मागे सरकत आला, की पाणलोटाची रेषा पहिल्यापासून आजच्याच जागी होती आणि तिच्या पश्चिमेकडचा भाग जागच्या जागी खचत, झिजत गेला? कडा मागे सरकला असेल आणि पुरेसा खडक गेला असेल, तर किनाऱ्याकडून कड्याच्या पायथ्याकडे येताना वय घटत गेलं पाहिजे. दुसऱ्या पर्यायात सगळ्यांत कमी वय किनाऱ्याजवळ सापडायला हवं. म्हणून माझी रांग किनाऱ्यापासून माथ्यापर्यंत.

माझे आकडे अजून तपासणीत आहेत, ते इथे देत नाही. एवढं सांगते की गोव्याच्या दगडांत हिमालयाचा वेग कुठेच दिसत नाही आणि लांबड्या-आखूड रेघांची मिसळ मात्र दिसते. म्हणजे हे दगड मधल्या उबेच्या पट्ट्यात रेंगाळले. या चित्राला दुसऱ्या दिशेने आलेला एक पुरावा मला फार महत्त्वाचा वाटतो. फ्रेंच संशोधकांच्या एका गटाने घाटाच्या दोन्ही बाजूंच्या जांभ्यातल्या मँगनीज ऑक्साइडमधल्या आरगॉनवरून वयं काढली आणि २०१६ मध्ये मांडलं की सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वी कडा अस्तित्वात होता आणि त्यानंतर फारसा हललेला नाही. जो मँगनीज गोव्याच्या खाणींतून टनांवारी बोटीत भरून गेला, त्याच जातीच्या खनिजात ही माहिती होती. ज्या रिकाम्या खाणींत काही उरलंय तिथून पद्धतशीर नमुने घेऊन ठेवायला हवेत, असं मी दर बैठकीत बोलते आणि इथेही लिहून ठेवते.

रेघा ६० अंशांखाली मुक्या होतात. शेवटचा किलोमीटर-दीड किलोमीटर त्यांना दिसत नाही आणि गोव्यासारख्या सावकाश झिजणाऱ्या प्रदेशात मला नेमका तोच हवाय. म्हणून आता त्याच कुप्यांतल्या अ‍ॅपेटाइटचा हेलियम मोजायचा आहे. त्यासाठी एकेक दाणा सुईने निवडावा लागतो. आत झिरकॉनचा कण अडकलेला चालत नाही, कारण त्याचा हेलियम अ‍ॅपेटाइटच्या नावावर चढतो. तडा चालत नाही. रुंदी ६० मायक्रॉनच्या वर हवी, कारण अल्फा कण वीसेक मायक्रॉन धावतो आणि कडेजवळ सुटलेला दाण्याबाहेरच पडतो, दाणा जेवढा बारीक तेवढी दुरुस्ती मोठी. काणकोणच्या कुपीतून असे दाणे सहज निघतात. अनमोडच्या कुपीतले बरेचसे तडकलेले आहेत, तेव्हा पाऊस संपला की पुन्हा घाटात जाऊन त्याच वळणावरचा दुप्पट दगड आणायचा आहे. परवानगीचा अर्ज गेल्या आठवड्यात दिला.